पत्र्याच्या गॅलरीतली फळी

या, असे पुढे या. मागे भिंतीला टेकून बसू नका, तिथे डुलकी लागते आणि डुलकीला गोष्टीतलं काही कळत नाही. जरा सरका. मांडीला मांडी लागली तर लागू द्या, कारण आज सांगणार आहे ती गोष्टच खेटून बसण्याची आहे. एक सून, एक सासरे आणि एक लाकडी फळी, एवढ्या तिघांची. बाकीचे येतील ते मागे उभं राहून टाळ धरायला.

तर एक फुटबॉल क्लब होता. फार जिंकायचा अशातला भाग नाही. हरला तरी त्याच्या चाहत्यांच्या घरी चूल पेटायची आणि जिंकला तर शेजारी विचारायचे, आज काय विशेष? पण शनिवार आला की हीच माणसं गळ्यात क्लबचा मफलर अडकवून मैदानाकडे निघायची, जसं काही देवाने त्यांना नेमून दिलेलं काम होतं. त्या मैदानाच्या एका बाजूला पत्र्याची गॅलरी होती. पत्रा गळका, पायऱ्या झिजलेल्या, बायकांसाठी एकच स्वच्छतागृह आणि त्याच्या दाराची कडी अशी, की आत जाणारीने मैत्रिणीला बाहेर पहाऱ्याला उभं करावं. बसायला खुर्च्या नव्हत्या. इकडच्या खांबापासून तिकडच्या खांबापर्यंत एकेक लांबलचक फळी टाकलेली. किती पिढ्यांच्या पँटींनी घासून ती गुळगुळीत झाली होती, कोण जाणे.

त्यातल्या एका फळीवर आपले घड्याळजी बसायचे. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग लावून मुंगीच्या पायाएवढे स्क्रू बसवले. मग हळूहळू डोळ्यांनी रजा घेतली. आधी एकाने, मग दुसऱ्याने. दुकान बंद झालं, आणि दुकानापाठोपाठ मैदानावर जाणंही. शनिवारी दुपारी ते रेडिओच्या शेजारी बसायचे आणि रेडिओ लावायचे नाहीत.

मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येणार. घरी हे आणि सून. सून एका लॅबमध्ये काम करायची. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्ताचे नमुने बघायचे आणि संध्याकाळी घरी यायचं. त्या कामात तोंड उघडायची पाळीच येत नाही. पेशींना काही सांगायचं नसतं आणि त्या काही विचारत नाहीत. लग्न झाल्यापासून ती कमी बोलते असं सगळे म्हणायचे. तिला कोणी कधी फार विचारलंच नव्हतं, हा भाग वेगळा.

एका शनिवारी ती म्हणाली, "बाबा, मफलर कुठे ठेवलाय? चला." आणि त्यांना हाताला धरून घेऊन गेली.

आता फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण सासऱ्यांना सांगायचं तर होतं. मग तिला जे दिसलं ते ती सांगू लागली. "बाबा, एक जण पडलाय. फार लागलेलं नसावं, कारण कण्हण्याआधी पंचांकडे बघून घेतलं त्यानं." मग म्हणाली, "तो लांब केसांचा आहे ना, त्याला कोणी चेंडूच देत नाहीये. रुसलाय. कमरेवर हात ठेवून उभा आहे, माहेरी जाऊ का म्हणून विचारणाऱ्या बाईसारखा." मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं. शेजारी एक बसड्रायव्हर बसायचा. धिप्पाड देह, आवाज हॉर्नसारखा. तो मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, जरा मोठ्यानं. आम्हालाही ऐकू द्या."

त्या दिवसापासून ही रीतच पडली. शनिवारी सून सांगायची आणि चांगली डोळस माणसं, समोर हिरवंगार मैदान असताना, माना तिच्याकडे वळवून ऐकायची. डाव्या कोपऱ्यात काही झालं की तिकडचा माणूस ओरडून कळवायचा, ती त्यात आपलं मीठ घालून पुढे सांगायची. ऑफसाइड म्हणजे काय हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही, पण त्यामुळे झेंडा वर करणाऱ्यावर ती अगदी मनापासून चिडू शकायची. आठवडाभर साठलेलं सगळं बोलणं त्या दुपारी वाहून जायचं. घरी परतताना घसा बसलेला आणि चेहरा धुतल्यासारखा.

आणि एके दिवशी बातमी आली की मैदान पाडायचं, आणि गावाच्या टोकाला नवं कोरं स्टेडियम बांधायचं.

झालं, चाहत्यांमध्ये उभी फूट पडली. बसड्रायव्हर पहिल्या दिवसापासून विरोधात. नव्या स्टेडियममध्ये प्रत्येकाला वेगळी प्लॅस्टिकची खुर्ची मिळणार, तिच्या हात टेकायच्या दांडीला चहाचा कप ठेवायला गोल भोक असणार, हे कळल्यावर तो म्हणाला होता की हे स्टेडियम आहे की केस कापायचं दुकान? दुसरी बाजू म्हणायची, अरे बाबा, डोक्यावर पाणी गळत नाही असं छप्पर मिळतंय, ते बघ. आणि खरं सांगायचं तर आपली सून मनातून नव्या स्टेडियमच्याच बाजूची होती. त्या न लागणाऱ्या कडीच्या दारामागे जी एकदा जाऊन आली तिला जुन्या आठवणींचं कौतुक सांगू नये.

पण मग आराखड्यातली एक गोष्ट बसड्रायव्हरनेच येऊन सांगितली, आणि तीही आनंदाने. ज्यांना दिसत नाही अशांसाठी म्हणे वेगळी काचेची खोली होणार. गुबगुबीत खुर्च्या, ऊब, आणि कानाला हेडफोन. हेडफोनमधून शिकलेला निवेदक सगळी मॅच सांगणार. "बाकी स्टेडियम गेलं खड्ड्यात," तो म्हणाला, "पण काकांची सोय झाली."

सगळ्यांनी घड्याळजींचं अभिनंदन केलं. सूनही हसली. शिकलेला निवेदक. त्याला ऑफसाइड कळत असणार.

त्या संध्याकाळी चहा देताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की बाबा, त्या खोलीचं तुम्हाला काय वाटतं? घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होते. ते काम त्यांनी अजून कोणाला करू दिलं नव्हतं. किल्ली फिरवता फिरवता ते म्हणाले, "बरंच झालं. तुझा घसा वाचेल."

"हो, बरंच झालं," सून म्हणाली, आणि कपबश्या घेऊन आत गेली.

बघा, माणसं चांगली असली की घोटाळे असे होतात. घड्याळजींना वाटत होतं, पोरगी आठवडाभर डोळे फोडून घेते आणि सुट्टीच्या दिवशी आपल्यासाठी घसा. आणि ती मोरीपाशी कप विसळत विचार करत होती, की इतके दिवस आपल्या बडबडीला ते कंटाळले होते तर. विरोध कुठल्या तोंडाने करायचा? दिसत नसलेल्या माणसाला चांगली सोय मिळतेय आणि सून म्हणणार, नको, मला बोलायला मिळत नाही? त्या आठवड्यात लॅबमध्ये तिने स्वतःला एकदा पकडलं. काचपट्टीवरच्या पेशींना ती हळू आवाजात सांगत होती, "ही एकटीच कोपऱ्यात जाऊन बसलीय. रुसलीय बहुतेक."

क्लबच्या मंडळींनी एक गोष्ट चांगली केली होती. चाहत्यांच्या संघाने ठराव करून संमती दिली तरच हा आराखडा पुढे न्यायचा, असं त्यांनी कबूल केलं होतं. संघाचे अध्यक्ष होते एक निवृत्त पोस्टमास्तर. माणूस सज्जन, पण नियमाच्या बाबतीत शिक्का मारल्यासारखा पक्का. त्यांनी रविवारी दुपारची सभा लावली. पुढे असं झालं, की क्लबची परगावची एक मॅच लांबणीवर पडून नेमकी त्याच दुपारी आली. लोक म्हणाले, सभा पुढे ढकला. पोस्टमास्तर म्हणाले, सूचना एकदा फळ्यावर लागली की लागली. मॅच ढकलणारे ढकलोत, मी पत्र टाकल्यावर पेटीत हात घालून परत काढत नाही. वर नियम केला, की सभेत मोबाइल बंद.

सभा शाळेच्या हॉलमध्ये. मधोमध टेबलावर स्टेडियमचा पुठ्ठ्याचा नमुना, आणि त्याच्याशेजारी तो तयार करणारी आर्किटेक्टबाई. तरुण, चुणचुणीत, बोलताना पेन्सिल केसात खोचणारी. लोक आले तसे न सांगता त्या पुठ्ठ्याच्या चारी बाजूंना, मैदानात जो जिथे बसतो तिथेच जाऊन बसले. बाईंनी विनवलं की पलीकडून बघा, प्रवेशद्वार तिकडून छान दिसतं. पत्र्याच्या गॅलरीवाले म्हणाले, तिकडून आम्ही जन्मात कधी बघितलं नाही, आज कशाला?

खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या, सुट्या, आणि पोस्टमास्तरांनी प्रत्येक दोन खुर्च्यांमध्ये ऐसपैस जागा सोडून मांडून घेतल्या होत्या. घड्याळजी आणि सून शेजारी शेजारी, तरी हात लांब केल्याशिवाय हात लागू नये, एवढं अंतर.

मग चर्चा. देवा रे देवा, काय ती चर्चा. छपरावर अर्धा तास गेला. चहाच्या भोकावर त्याहून जास्त. एका आजीबाईंनी उठून स्वच्छतागृहांबद्दल असं काही भाषण केलं, की विरोधातल्या पुरुषांनीही बुटांकडे बघत माना डोलावल्या. बसड्रायव्हर म्हणाला की खुर्चीला दांडी आली म्हणजे माझ्यासारख्याला आत शिरायला बुटात टाच सरकवायची पट्टी लागेल. बाई म्हणाल्या, तुमचं माप घेते. काचेच्या खोलीचा विषय निघाला तेव्हा मात्र सगळ्यांचं एकमत झालं, आणि पोस्टमास्तरांनी आदराने विचारलं की घड्याळजींना काही बोलायचं आहे का. घड्याळजींनी नुसती मान हलवली. सुनेने मांडीवरच्या पर्सची चेन उघडली आणि लावली.

आता मागच्या खुर्चीवर एक कंपाउंडर बसला होता. किडकिडीत, भित्रा, दवाखान्यात आयुष्यभर हळू आवाजात नावं पुकारलेला माणूस. त्याने नियम मोडून मफलरच्या आत एका कानात इअरफोन घातला होता, आणि इकडे सभा तर तिकडे मॅच अशी दुहेरी साधना चालू होती.

पोस्टमास्तर उभे राहिले. त्यांनी ठराव वाचला. आराखडा आहे तसा या संघाला मान्य आहे. चष्मा नाकावर सरळ केला आणि म्हणाले, "ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावेत."

आणि मागून, आयुष्यात पहिल्यांदा, कंपाउंडरचा मोठा आवाज आला, "गोल!"

मग काय विचारता. अख्खा हॉल उठला. एक हात नाही, दोन्ही हात वर. बसड्रायव्हरने आर्किटेक्टबाईंना उचलायचंच बाकी ठेवलं. आजीबाईंनी काठी वर केली. सून, जिच्या तोंडून लॅबमध्ये दिवसाला चार शब्द निघत नाहीत, तीसुद्धा उडी मारून ओरडली. आणि या सगळ्या कल्लोळात पोस्टमास्तरांनी शांतपणे टेबलावर हात आपटला आणि जाहीर केलं, की ठराव एकमताने मंजूर.

हात खाली आले. मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि असा गोंधळ उडाला की विचारू नका. बसड्रायव्हर म्हणाला हे मतदान नव्हे, हा गोल होता. पोस्टमास्तर म्हणाले, मी संमतीसाठी हात वर करायला सांगितले, आपण केले. आपण तर दोन्ही केले. कंपाउंडरचा इअरफोन सापडला, आणि त्याला नियमभंगाबद्दल बाहेर व्हरांड्यात जाऊन बसण्याची शिक्षा झाली. तो निमूटपणे गेला.

त्या आरडाओरड्यात सुनेची नजर खाली गेली. घड्याळजी बसलेलेच होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान इकडून तिकडे वळवत, परक्या घरात जाग आलेल्या माणसासारखे. ते हळूच विचारत होते, "काय झालं? कोणी सांगेल का, काय झालं?"

ओरडण्याच्या नादात ती त्यांना सांगायला विसरली होती. ती खाली बसली, खुर्ची ओढून त्यांच्या खुर्चीला लावली. "बाबा, गोल झाला. आपला."

"आपला?" त्यांचा चेहरा उजळला आणि तसाच विचारात पडला. "आणि मला तो असा कळला?"

"चुकलंच माझं. मी सांगायला हवं होतं."

"तू? तू कधी सांगितलास मला गोल?" ते म्हणाले. "गोल झाला की तू किंचाळत असतेस." आणि त्यांनी काठी टेकली आणि उभे राहिले. त्यांना उभं राहिलेलं बघून हॉल आपोआप गप्प झाला, पोस्टमास्तरसुद्धा.

"मी आज हो म्हणायला आलो होतो," घड्याळजी म्हणाले. "सूनबाईने एकदा तरी माझं ओझं खाली ठेवून मॅच नुसती बघावी, एवढाच हेतू. पण आत्ता तुम्ही सगळे उठलात आणि मी खुर्चीत बसून राहिलो. डोळे गेल्यापासून असं एकदाही झालं नव्हतं. आपल्या गॅलरीत गोल मला कोणी सांगत नाही. चेंडू जवळ आला की हा ड्रायव्हर पुढे सरकतो, फळी माझ्याखाली वाकते. मग सगळे श्वास धरतात, ती थरथरते. आणि तुम्ही उठता तेव्हा ती मला खालून ढकलते. मी तुमच्याबरोबर उठतो, मागून नाही. कोणी मारला, कसा मारला, कोण रुसला, ते सूनबाई सांगते. त्याच्यासाठी तर मी येतो. त्या काचेच्या खोलीत मला बातमी बिनचूक मिळेल. पण बातमी मी घरीही ऐकू शकत होतो. रेडिओ होता की."

तेव्हा सून उठली. "घसा वाचवायचाय का, असं कोणी मला विचारलंच नाही," ती म्हणाली. "मला ओझं वगैरे काही नाही. आठवड्यात तेवढाच एक दिवस मी बोलते. तो काढून घेऊ नका."

घड्याळजींनी तिच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"आणि वहिनी बोलल्या नाहीत तर आम्ही काय करायचं?" बसड्रायव्हर म्हणाला. "नुसती मॅच बघायची? आपल्या क्लबची?"

हॉल हसला, आणि हसण्याने हवा मोकळी झाली. आर्किटेक्टबाईंनी केसातली पेन्सिल काढली. त्या म्हणाल्या की फळी वाकते म्हणजे नेमकी कशी, ते मला कळलं पाहिजे. आता हे सांगायचं कसं? तेव्हा कोणाला तरी आठवलं, की बाहेर व्हरांड्यात शाळेचा एक लांब बाक आहे. चारजण गेले. त्यावर शिक्षा भोगत कंपाउंडर बसला होता. त्याला उठवलं आणि बाक आत आणला. मधोमध बाईंना बसवलं, डोळे मिटायला सांगितले. एका टोकाला बसड्रायव्हर, मग घड्याळजी, सून, आजीबाई, आणखी दोघं, खच्चून. बसड्रायव्हरने खोटा चेंडू बघायला सुरुवात केली. तो पुढे सरकला, बाक कुरकुरला, सगळे सरकले, श्वास धरले. मग एकदम उठले. बाई खालून ढकलल्यासारख्या उभ्या राहिल्या, हात वर, आणि डोळे मिटलेलेच.

डोळे उघडून त्या म्हणाल्या, "अगं बाई." मग टेबलापाशी गेल्या आणि पुठ्ठ्याच्या नमुन्यावर एका बाजूच्या खुर्च्या पेन्सिलीने सरळ खोडून टाकल्या. तिथे अखंड फळी टाकता येईल, म्हणाल्या. प्रत्येकाच्या जागेचा आकडा फळीवरच रंगवू, म्हणजे नियमालाही बोट ठेवायला जागा नाही. काचेची खोलीही राहील, ज्याला हवी त्याच्यासाठी. पण कोणाला तिथे बसवायचं हे आपण ठरवायचं नाही.

राहता राहिले पोस्टमास्तर. ठराव तर मंजूर झालेला. ते डोळे मिटून बसले, ओठ हलत होते. नियमांचं नामस्मरणच म्हणा ना. मग म्हणाले, की मंजूर ठराव बदलता येत नाही, पण त्याला दुरुस्ती सुचवता येते, आणि दुरुस्तीवर वेगळं मतदान घ्यावं लागतं. या वेळी मात्र माणशी एकच हात.

हात वर झाले. एकेक, शांतपणे, मोजून घ्यावेत असे. घड्याळजींचा सगळ्यात आधी. आणि नेमकं तेव्हा दार किलकिलं झालं, कंपाउंडरचं डोकं आत आलं, आणि तो रडव्या आवाजात म्हणाला, "बरोबरी झाली हो. त्यांनी केला."

सगळ्यांचे चेहरे पडले. पण हात एकाचाही खाली आला नाही.

पुढे स्टेडियम झालं. छप्पर गळत नाही, स्वच्छतागृहांना कड्या आहेत आणि आजीबाई पहिल्या दिवशी केवळ त्या बघायला दोनदा जाऊन आल्या. आणि एका बाजूला, जुन्या गॅलरीतून काढून आणलेली तीच गुळगुळीत फळी आहे. घड्याळजींनी कुतूहल म्हणून एकदा काचेच्या खोलीतला हेडफोन लावून बघितला. म्हणाले, माणूस हुशार आहे, एकेक पास बिनचूक सांगतो, पण त्याला कोण रुसलंय ते दिसत नाही. आणि परत येऊन आपल्या जागी बसले. सून सांगू लागली. बसड्रायव्हर पुढे सरकला.

तर मंडळी, तुम्ही कधी असे खेटून बसाल आणि सगळ्यांच्या बरोबर उठाल, तेव्हा सुनेची आठवण काढा असं मी म्हणणार नाही. तिला ऐकणारे पुष्कळ आहेत. आठवण काढा त्या कंपाउंडरची. त्याच्या एका ओरडण्यावर हे सगळं जुळून आलं, आणि तो बिचारा व्हरांड्यात होता. भाषण त्याने ऐकलं नाही, बाकाचा गोल त्याला दिसला नाही, आणि बाक नेल्यामुळे तो सगळा वेळ उभाच होता. फळीवर थोडी जागा त्याच्यासाठी सोडा.